आयतवारची डोली

सिंधूकाकू माझ्या हातून तीनदा मेल्या. प्रत्येक वेळी आयतवार होता, प्रत्येक वेळी त्या स्वतः खिडकीशी पडून ते बघत होत्या, आणि प्रत्येक वेळी त्यांचे यजमान भोयर काकाजी जिन्याखालून शांतपणे म्हणाले होते, "मेली. घ्या खाली."

हे नीट सांगायला हवं. मेलं ते गव्हाचं पोतं. एका लाकडी खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले, खुर्चीत काकूंच्या वजनाचं पोतं, आणि पोत्याला काकूंचं जुनं हिरवं लुगडं गुंडाळलेलं. ही डोली आम्ही चौघांनी खांद्यावर घ्यायची, काकाजींच्या घराच्या बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर न्यायची आणि परत खाली आणायची. पोतं कललं की काकाजी म्हणत, "सांभाळा." पोतं पडलं की, "मेली."

लुगडं कशाला, असं मी पहिल्याच आयतवारी विचारलं होतं.

"पोतं उचलून राह्यलो असं वाटाले नको," काकाजी म्हणाले. "मानूस उचलून राह्यलो असं वाटलं पाह्यजे."

मला तसं वाटायचं. घरी आल्यावर मला जेवण जात नसे. बायको म्हणायची, अहो, गहू होते ते. पण ज्यानं पाडले त्याला तसं वाटत नाही.

भोयर काकाजी पिपरी मेघेत आमच्या घराला लागून राहायचे. त्याआधी ते माझे वरिष्ठ होते. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं वर्ध्याच्या एका संस्थेत नोकरीला होतो. तेव्हा गावोगाव गट निघत होते. बायांचे बचत गट, पाणलोटाचे गट, रोपवाटिकेचे गट. हे गट खरंच एकत्र काम करतात की नुसती नावं एकत्र लिहिलेली असतात, हे बघून श्रेणी द्यायचं काम काकाजींचं. मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचो आणि त्यांचा अहवाल चांगल्या अक्षरात उतरवायचो.

संस्थेनं त्यासाठी छापील तक्ता दिलेला होता. बैठका नियमित होतात का, हजेरी किती, ठराव किती. काकाजी तो तक्ता गावात पोचेपर्यंत गाडीवरच भरून टाकत. गावात गेल्यावर त्यांचं खरं काम सुरू होई. ते गटाला म्हणत, "चहा मांडा," आणि कोणाच्या तरी ओट्यावर बसून राहत. चूल कोण पेटवते, साखर कोणाच्या घरून येते, कप विसळायला कोण बसते आणि बसलेली उठतच नाही, हे सगळं ते डोळे अर्धे मिटून बघत. लोकांना वाटे साहेबांना डुलकी लागली.

"चहा शेवटी कोनाले पुरला नाई ते पाहाचं," ते मला परत येताना सांगत. "दहा बाया अन् नऊ कप, हे गरिबीचं झालं. पन त्या दहावीले भेटला नाई, हे बाकीच्याइले समजलंच नाई, तं तो गट नाई. ते बसस्टँड होय."

नालवाडीच्या एका गटाबद्दल त्यांनी मला लिहायला सांगितलं होतं : "गट नाही. एक सासू व नऊ सुना." मी निमूट लिहिलं. आमच्या साहेबांनी काकाजींना बोलावून घेतलं. म्हणाले, "भोयर, आपल्याकडे अ, ब, क अशा श्रेणी आहेत. त्यातली एक द्या." काकाजी म्हणाले, "साहेब, ब म्हनजे काय समजाचं? अर्धा भरोसा?"

साहेबांनी स्वतःच ब लिहिला. अशा बऱ्याच गटांना साहेबांनीच ब लिहिला. काकाजींच्या हातून पास झालेले गट मला तरी आठवत नाहीत.

निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, पोथी वाचतात. काकाजी जिथं चार माणसं मिळून काही करतात तिथं जाऊन उभे राहू लागले. बंद पडलेली बस ढकलणारे, लग्नात पंगत वाढणारे, विहिरीतून मोटर वर काढणारे. ते दहा पावलांवर उभे राहत, हात मागं बांधून. कोणी म्हटलं, काकाजी, जरा हात लावा ना, तर म्हणत, "मी हात लावला तं पाहीन कोन?" आणि काम झाल्यावर हमखास विचारत, "बोलनारा कोन होता, उचलनारा कोन होता?" हा त्यांचा आवडता प्रश्न. उत्तर त्यांना माहीत असे आणि ते सगळ्यांसमोर देत.

इथवरही लोकांनी सहन केलं असतं. पण ते मातीला गेले तरी तेच करत.

आमच्या गल्लीत देवतळे म्हणून एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांचे वडील गेले. मोक्षधामातून परत आल्यावर लोक दारात कडुनिंबाचा पाला चावत उभे असताना काकाजी त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं दोन शब्द सांत्वनाचे बोलतील. ते म्हणाले, "देवतळे, तुमचे बाबा पुरा रस्ता डाव्या अंगाले कलले होते. तुमच्या भावाची उंची जास्त हाय, त्याले मांगं घ्याले पाह्यजे होतं."

त्या दिवसापासून देवतळे काकाजींच्या दारावरून जाताना मान दुसरीकडं वळवू लागले. हळूहळू गल्लीतल्या बऱ्याच माना तशा वळल्या. सत्यनारायणाचं बोलावणं यायचं ते फक्त काकूंना. काकाजींना त्याचं काही वाटलं असेल तर मला दिसलं नाही.

काकूंना सगळे मानत. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं साऱ्या गल्लीची बाळंतपणं आणि आजारपणं त्यांनी आपलीच धरली होती. देवतळ्यांची बायको टायफॉइडनं पडली तेव्हा महिनाभर त्यांच्या घरचा डबा काकूंकडून जात होता. गुप्ताजी किराणावाल्यांच्या आईचे पाय त्या रोज संध्याकाळी चेपून द्यायच्या. अशा बाईला एका सकाळी आंघोळीच्या पाटावरच लकवा मारला. उजवं अंग गेलं. तोंड थोडं वाकडं झालं, जीभ मात्र शाबूत राहिली.

काकाजींनी त्यांचं सगळं स्वतः केलं. बाई ठेवली नाही. "दोघं असले का गट होते," म्हणाले, "अन् गट बिघडते." त्यांनी पलंग खिडकीशी ओढून ठेवला, म्हणजे काकूंना अंगण आणि जिना दिसेल. गल्लीतल्या बाया सुरुवातीला येऊन गेल्या. मग कमी झाल्या. आजारी माणसाच्या खोलीत कोपऱ्यात हात मागं बांधून काकाजी उभे, आणि तुम्ही उशी सरळ करताय ते बघताहेत. कोण येणार?

असं वर्ष गेलं असेल. मग एका दिवशी काकू म्हणाल्या, "मले एक डाव गिरडच्या पहाडावर न्या. नवस हाय."

गिरड इथून दूर नाही. जीपनं पायथ्याशी जाता येतं. पण नवस फेडायचा तो वर पहाडावरच्या दर्ग्यात, आणि तिथपर्यंत जायचं म्हणजे काकूंना उचलूनच न्यावं लागणार होतं, आणि चढण आहे, पायऱ्या आहेत. नवस कसला ते त्या सांगेनात. नवस सांगायचा नसतो म्हणाल्या. डॉक्टरांनी काकाजींना बाहेर नेऊन सांगितलं की काय ते लवकर करा, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी काकाजी माझ्या दारात आले. आयुष्यात पहिल्यांदा ते काही मागायला आले होते आणि त्यांना ते येत नव्हतं.

"सुधाकर, चार जन लागते," ते म्हणाले, आणि बराच वेळ माझ्या चपलांकडं बघत राहिले.

मी देवतळ्यांकडं गेलो, गुप्ताजींकडं गेलो, आणि संस्थेतला जुना चौकीदार मडावी, त्याला निरोप धाडला. देवतळे म्हणाले, "माह्या बाबाले वाकडं म्हननाऱ्याच्या दारात मी येत नाई. काकूच्या दारात येतो." गुप्ताजी म्हणाले, "भाभीजी के लिये जान हाजिर है, पर दुकान आयतवारीच बंद असते." मडावी काहीच म्हणाला नाही. ठरल्या वेळी येऊन जिन्यापाशी उभा राहिला.

आम्हाला वाटलं होतं, एक दिवस ठरवू, जीप करू, जाऊ. अंगणात पाहतो तर खुर्ची, बांबू आणि लुगडं नेसलेलं पोतं.

"पयले हिले नेऊन दाखवा," काकाजी म्हणाले.

आम्हाला ते सोपं वाटलं. चढताना पुढच्या दोघांनी वाकायचं, मागच्या दोघांनी बांबू वर धरायचा, म्हणजे खुर्ची सपाट राहते. समजायला काही अवघड नाही. पण पुढं देवतळे होते, त्यांना आयुष्यभर एकट्यानं पन्नास माणसं हाकायची सवय. आणि मागं गुप्ताजी होते, त्यांच्या दुकानात त्यांच्याशिवाय कोणी बोलत नसे.

"डावीकडं घ्या, डावीकडं," देवतळे.

"अरे भाऊ, तुमची डावी का माझी डावी?"

"गाडीची डावी."

"ये गाडी नहीं है, भाभीजी है."

खुर्ची तिरपी झाली, माझ्या खांद्यावरून बांबू घसरला आणि पोतं चार पायऱ्या खाली जाऊन फुटलं. अंगणात गहू पसरले.

"मेली," काकाजी म्हणाले.

खिडकीतून काकूंचा आवाज आला, "कोनाच्या डावीकडं मेली मी?"

मला रडू आलं होतं आणि हसूही आलं. मडावी खाली बसून गहू गोळा करायला लागला. काकाजी मात्र देवतळ्यांना म्हणाले, "वजनानं कोनी पडत नाई. चार जनाइच्या चार हुकमानं पडते. पुढच्या आयतवारी या."

आम्ही गेलो. त्याच्या पुढच्या आयतवारीही गेलो. पावसाळा सरला, शेतात कापूस फुटला, आम्ही पोतंच उचलत होतो. दर वेळी काहीतरी चुके. देवतळे आणि गुप्ताजी एकदा इतके भांडले की दोघांनी बांबू सोडून एकमेकांची गचांडी धरली, आणि मागचा सगळा भार माझ्यावर आला. ती दुसरी वेळ. तिसरी वेळ निव्वळ माझी चूक. काकू खिडकीतून हसल्या आणि मी त्यांच्याकडं बघितलं.

आमचं कोडं शेवटी काकाजींनीच सोडवलं. पावलं एकदम पडायला कोणीतरी मोजायला हवं होतं. देवतळ्यांनी मोजलं की गुप्ताजींचा पाय मुद्दाम उशिरा पडे. गुप्ताजींनी हिंदीत मोजलं की देवतळे म्हणत, ही काय हम्माली आहे? मी मोजलं तर माझा आवाजच निघेना. काकाजींनी हे सगळं पाहून घेतलं आणि मडावीला विचारलं, "तू घरी बायकोशी गोंडीत बोलत नं? त्याच्यात मोज."

"उंदी," मडावी हळूच म्हणाला. "रंड. मूंद. नालूंग."

आम्ही चार पायऱ्या चढलो. पुन्हा उंदी. पुन्हा चार. जिना संपला तेव्हा आम्हालाच खरं वाटलं नाही. तो आकडा देवतळ्यांचाही नव्हता, गुप्ताजींचाही नव्हता. त्यावर कोणाला रुसता येईना. "भांडन मराठीत होते, हिंदीत होते," काकाजी म्हणाले. "याच्यात तुमाले भांडताच येत नाई."

त्यानंतर पोतं पडलं नाही. दिवाळी झाल्यावर काकाजींनी पोत्याच्या मांडीवर पाण्यानं भरलेला लोटा ठेवायला सुरुवात केली. एका आयतवारी आम्ही लोट्यातलं पाणी न सांडता गच्चीवर गेलो आणि खाली आलो. डोली ठेवून चौघंही त्यांच्याकडं बघत उभे राहिलो, शाळेतल्या पोरांसारखे.

काकाजी लोट्यात डोकावले. "देवतळेचा श्वास चढला होता," म्हणाले. "श्वास चढला का मानूस चिडते. पहाडावर चिडला तं? पुढच्या आयतवारी पाहू."

मडावी सहसा बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "काकाजी, तुमी मुद्दाम करून राह्यले."

काकाजी बांबूची दोरी सोडत बसले. देवतळे रागानं निघून गेले, गुप्ताजीही गेले. मला राहवेना. काकाजी दोरी घेऊन मागच्या अंगणात गेले तसा मी आत काकूंकडं गेलो.

त्या फार वाळल्या होत्या. मी म्हणालो, "काकू, आमचं जमलं होतं आज. मी समजावतो त्यांना. पुढच्या आयतवारी तुम्ही गिरडला."

त्यांनी डाव्या हातानं मला जवळ बसायची खूण केली.

"मले कुठं जाचं नाई, बापू."

"आणि नवस?"

"कोनता नवस? या घरात कोनी येत नव्हतं. मी गेल्यावर तं कुत्रंबी येनार नाई. याहीले कोनाले बोलवता येत नाई, पाहताच येते. म्हनून म्हनलं, चार मानसं लागन असं काई तरी मांगावं." मग त्या जरा थांबल्या. "सांगजो नको त्याहीले. शरम वाटन."

मी नाही सांगणार म्हणालो. पण त्यानंतरचे आयतवार मला जड गेले. खाली काकाजी दोऱ्या तपासताहेत, गाठी पुन्हा मारताहेत, बांबूला खांद्याच्या जागी चिंध्या गुंडाळताहेत, आणि हे सगळं कशासाठी आहे ते मला माहीत आणि त्यांना नाही. मी त्यांच्याशी डोळे भिडवू शकत नसे. मला वाटे, मी त्यांना फसवतोय. आणि गप्प राहिलो नाही तर काकूंना फसवतोय.

पौषात, थंडी फार होती तेव्हा, मडावीनं अट घातली. पुढच्या आयतवारी पास करा का नापास करा, आपण पहाडावर जायचं. काकाजी म्हणाले, "पाहू." त्याच आठवड्यात काकूंना दुसरा झटका आला आणि दुपार व्हायच्या आत त्या गेल्या.

गल्ली सगळी जमली. माना वळवणारेही आले. काकूंसाठी ते येणारच होते. तिरडी बांधून झाल्यावर कोणी काही सांगितलं नाही, पण देवतळे आणि मडावी पुढं गेले, गुप्ताजी आणि मी मागं. आपापल्या आयतवारच्या जागा. गुप्ताजींनी माझ्याकडं बघून बांबू जरा वर घेतला. मडावी ओठांतल्या ओठांत मोजत होता, बाहेर कोणाला ऐकू जाणार नाही असा.

काकाजी विस्तवाचं मडकं घेऊन सगळ्यांच्या पुढं होते. मडकं धरणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. आयुष्यभर त्यांनी अशा वेळी दुसऱ्यांचे खांदे पाहिले, आणि त्या दिवशी त्यांना आमच्याकडं पाठ करून चालावं लागलं. ते वळले नाहीत. मोक्षधामापर्यंत ती पाठ एकदाही वळली नाही.

आमच्याकडून काकू तसूभरही कलल्या नाहीत. मधल्या नाल्याचा उतारही आम्ही एका दमात उतरलो. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "काय नेऊन राह्यले, पाहा." आणि मला अभिमान वाटला. खांद्यावर काकू होत्या, आणि मला अभिमान वाटला. त्याची लाज अजूनही गेलेली नाही.

तेरवी झाली. त्यानंतरच्या आयतवारी सकाळी मी कपडे घालून नेहमीच्या वेळी तयार झालो आणि मग माझ्या लक्षात आलं की जायचं कुठं. तरी गेलो. काकाजी ओट्यावर एकटेच बसले होते. पलंग खिडकीपासून काढून भिंतीला उभा केला होता. मी पायरीवर बसलो. मला ते ओझं आणखी पेलवत नव्हतं.

"काकाजी," मी म्हणालो, "काकूंनी मला एक गोष्ट..."

"गिरडले तिचा कोनताच नवस नव्हता," ते म्हणाले. "तिले उंचावर चक्कर येते. माहेरच्या माळ्यावर चढली नाई कदी."



"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तीस वर्सं दुसऱ्याइचे गट पाह्यले. आपल्या घरातली एक बाई काय करून राह्यली, ते नाई समजन?"

"मग आम्हाला नापास का करत होता? कशासाठी एवढं?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"आयतवारी हसे ती," ते म्हणाले. "बाकीचे सहा दिवस नाई हसे. तुमाले पास केलं असतं, तं तुमी पुढच्या आयतवारी आले असते काय?"

खरं उत्तर 'नाही' असं होतं, ते मी दिलं नाही. समोरून देवतळे जात होते. दारापाशी ते थांबले, मान वळवावी की नाही असे उभे राहिले, आणि फाटक ढकलून आत आले.

"आता काई उचलाचं नाई हो," काकाजी त्यांना म्हणाले. "काम नाई काई."

"मालूम हाय," देवतळे म्हणाले.

ओटा चांगला लांब होता, सहा माणसं आरामात बसतील एवढा. तरी काकाजी बाजूला सरकले.